तबकडी बदलताना

पांढुर्णा आणि सौंसर ही दोन नावे कोकण-गोमंतकातील वाचकांच्या कानांवर फारशी पडली नसतील. नागपूरहून इटारशीकडे निघालेली आगगाडी काटोल, नरखेड मागे टाकून महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि पांढुर्ण्याला येऊन थांबते. राज्य बदललेले असते. फलाटावरील बोलणे मात्र बदललेले नसते. सौंसर तेथून पूर्वेला, नागपूर-छिंदवाडा वाटेवर आहे. संत्र्यांच्या बागा, कपाशीची काळी शेते, जामसावळीचा निद्रिस्त मारुती आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार, एवढ्यावर बाहेरच्या माणसाला या भागाची ओळख आटोपती घ्यावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर ही दोन्ही गावे मध्य प्रदेशातच राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या साऱ्या फेरफारांत घरातली भाषा मराठी आणि शाळा-कचेरीतली भाषा हिंदी, ही विभागणी मात्र कायम राहिली. ज्या समाजाने आपली कोकणी देवनागरी, कानडी आणि रोमी अशा निरनिराळ्या लिप्यांत जपली, त्या समाजातील वाचकांना अशा घराची मनःस्थिती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

अशाच एका घरातील एका लहानशा दुरुस्तीची ही हकीकत आहे. दुरुस्ती म्हणजे एका जुन्या लॅपटॉपची आतली साठवणीची तबकडी काढून तिच्या जागी नवी बसवणे. शहरातील मुले हे काम चहा निवेपर्यंत उरकतात. आम्हाला मात्र त्यासाठी तीन दिवस लागले, आणि ते का लागले हेच सांगण्यासारखे आहे.

माझे काका सौंसरला राहतात. वय त्र्याऐंशी. आयुष्यभर त्यांनी शाळेत हिंदी शिकवले आणि घरी मराठी बोलले. निवृत्त झाल्यावर त्यांना एक नाद लागला. आपल्या भागातील मराठी शब्द कानावर पडला की तो टिपून ठेवायचा. वखर, तिफण, डवरा यांच्या सुट्या भागांची नावे, संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराच्या वेळी बागवान बोलतात ते शब्द, लग्नघरातील रीतिरिवाज, म्हाताऱ्या बायकांच्या म्हणी, असे सारे प्रथम वह्यांत आणि २०१३ साली लॅपटॉप आल्यानंतर त्यात. त्याच लॅपटॉपात काकूंच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांची एकेचाळीस ध्वनिमुद्रणे होती. काकू २०१७ साली गेल्या. वह्यांपैकी बऱ्याचशा एका पावसाळ्यात भिजून गेल्या. म्हणजे शब्द आणि आवाज या दोहोंची एकुलती एक प्रत त्या यंत्रात उरली होती.

गेल्या वैशाखात हे यंत्र रुसले. सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागले, एखादी फाइल उघडताना मध्येच थबकू लागले आणि आतून एक बारीक, ठरावीक अंतराने येणारी टकटक ऐकू येऊ लागली. काकांनी ते नागपूरच्या एका दुकानात नेले. दुकानदाराने दोन मिनिटांत निदान सांगितले, “हार्ड डिस्क जा रही है. नया लगा देंगे, फास्ट हो जाएगा. पुराने डेटा की गारंटी नहीं.” काकांनी यंत्र पुन्हा पिशवीत घातले आणि ते परतीच्या गाडीला लागले. मला दूरध्वनीवर म्हणाले, “जुनं जाणार असेल तर नवं कशाला बसवायचं रे? वेगानं उघडून त्यात मी पाहू काय?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून मी पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो आणि नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याला बोलावून घेतले.

जुन्या लॅपटॉपातील हार्ड डिस्क म्हणजे काय, हे त्याने काकांना ज्या रीतीने सांगितले त्याच रीतीने येथे सांगतो. सपाट डबीत एक किंवा दोन आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. काकांच्या यंत्रातील चकती मिनिटाला ५४०० फेरे घेत होती. तिच्यावरून एक बारीक दांडी ग्रामोफोनच्या दांडीसारखी इकडून तिकडे सरकते. फरक इतकाच की हिचे टोक चकतीला टेकत नाही. वाऱ्याच्या पातळ थरावर ते तरंगते, आणि तो थर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी पातळ असतो. दांडीला नेमकी जागा सापडली नाही की ती परत मूळ ठिकाणी जाते आणि पुन्हा शोधू लागते. आम्हाला ऐकू येणारी टकटक ती हीच. फिरणारी कोणतीही वस्तू झिजते. जाते झिजते, चरक झिजतो, तशीच हीही झिजते.

या जातीच्या यंत्राचा जन्म १९५६ सालचाच. ज्या वर्षी सौंसर-पांढुर्ण्याची दप्तरे नागपूरकडून भोपाळकडे वळली, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेत आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्याच्या साठवणीच्या कपाटात दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आम्ही आणलेल्या नव्या डबीत ५०० गिगाबाइटची जागा होती. म्हणजे तशा एक लाख कपाटांचा ऐवज तळहाताएवढ्या वस्तूत. आपली देवनागरी मात्र यात जरा खर्चीक आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. तरीही काकांची सारी शब्दसंपत्ती त्या डबीच्या एका कोपऱ्यातही दिसली नसती.

नव्या डबीला हार्ड डिस्क म्हणणे खरे तर चूक. तिचे नाव सॉलिड स्टेट ड्राइव्ह, लोकांच्या तोंडी एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नाही. सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून अक्षरे ठेवलेली असतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी या स्मृतीचा शोध लावला, आणि आज वापरात असलेला तिचा नँड हा प्रकार त्यांनी १९८७ साली जगापुढे ठेवला. चकतीवरील अक्षरापाशी जायला दांडीला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. वाचायला हे थोडे वाटते. पण यंत्र सुरू होताना अशा हजारो खेपा घालाव्या लागतात, आणि सारा विलंब त्या खेपांचा असतो. एसएसडीत खेप नाही, म्हणून ती झटपट. “पण आजोबा,” भाचा म्हणाला, “डबी बदलल्यानं यंत्र चपळ होईल, तरुण नाही होणार. प्रोसेसर तोच, पडदा तोच.” तेही खरेच. त्या यंत्रावरील विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नित्याचा आधार २०२५ च्या ऑक्टोबरात संपला, आणि इतक्या जुन्या यंत्राला पुढची आवृत्ती चालत नाही. काका ते यंत्र इंटरनेटला जोडत नाहीत, म्हणून त्याच्यावरच भागवायचे आम्ही ठरवले.

आता मुख्य प्रश्न नकलेचा. तबकडी बदलण्याच्या दोन रीती आहेत. एक, नव्या डबीत सारे नव्याने मांडायचे आणि जुन्यातून हव्या तेवढ्या फाइली आणून ठेवायच्या. दुसरी, जुन्या तबकडीची अक्षरशः प्रतिकृती करायची, तिच्यातील चुका, कचरा आणि कोरी जागा यांसकट. पहिली रीत घर झाडून नवा संसार मांडण्यासारखी स्वच्छ. दुसरी पोथीच्या लेखकूसारखी. पूर्वी पोथी उतरवून घेणारे लेखकू शेवटी नम्रपणे नोंदवीत, की समोर जसे दिसले तसे उतरले आहे, शुद्धाशुद्धाचा दोष माझा नव्हे. आम्ही लेखकूची रीत धरली, कारण त्या तबकडीत कोठे काय आहे हे खुद्द काकांनाही सांगता येत नव्हते.

ही तबकडी सुदृढ असती तर काम दीड-दोन तासांचे होते. परंतु प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते, आणि ती उघडून पाहिली तेव्हा निकामी झालेल्या कप्प्यांचा आकडा भाच्याला भिववण्याइतका निघाला. अशा रोग्याला भराभर वाचायला लावले तर तो वाटेतच डोळे मिटतो. म्हणून त्याने डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली घेतली. हिची चाल शहाणपणाची आहे. अडला कप्पा लागला की ती त्याच्याशी झुंजत बसत नाही; तेवढी जागा मोकळी ठेवून पुढे जाते, चांगला भाग आधी उतरवून घेते, आणि मग सावकाश मागे येऊन सुटलेल्या जागा पुन्हा पुन्हा विचारते. वाळवी लागलेल्या पानावरून उतरणारा जाणता लेखकूही असेच करी. गेलेल्या अक्षरांची जागा कोरी सोडी, मनाची अक्षरे घालीत नसे.

पहिल्या रात्री दहाला काम सुरू केले. जुनी तबकडी काढून एका जोडणीच्या तारेने भाच्याच्या यंत्राला लावली, नवी दुसऱ्या तारेला. वैशाखातली वीज, ती अर्ध्यावर दगा देईल म्हणून दोन्ही तारा इन्व्हर्टरवरून घेतल्या, आणि जुनी तबकडी तापू नये म्हणून तिच्यासमोर टेबलपंखा ठेवला. काका पलंगावर पडल्या पडल्या अर्ध्या तासाने विचारीत, “कुठवर आलं?” भाचा आकडा सांगे. पहाटे वीज गेलीच. इन्व्हर्टरने लाज राखली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक सारा ऐवज उतरला होता, आणि उरलेल्या तुटक जागांसाठी यंत्र आणखी एक रात्र कण्हत राहिले. शेवटी जे हाती आले नाही ते अगदी थोडे होते. पण थोडे म्हणजे नेमके काय, हे फाइली उघडल्यावाचून कळणार नव्हते.

डबी बसवण्याचे प्रत्यक्ष काम तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात झाले. लॅपटॉप बंद केला, विजेची तार काढली, बॅटरी अलग केली. मागचे झाकण अकरा स्क्रूंवर होते, आणि ते सारखे लांब नव्हते. काकांनी एका कागदावर झाकणाची आकृती काढली आणि निघेल तो स्क्रू आकृतीत त्याच्या जागेवर ठेवला. शिक्षकी पेशा असा उपयोगी पडतो. अंगातील स्थिर विजेचा झटका नाजूक भागांना बसू नये म्हणून हात लावण्यापूर्वी धातूला स्पर्श केला. पत्र्याची लहान चौकट जुन्या तबकडीवरून काढून नव्या डबीला लावली. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड होती, नवी सात. उरलेल्या फटीत डबीबरोबर आलेली प्लास्टिकची पट्टी बसवली. मग डबी जोडणीच्या खाचेत सपाट धरून हलकेच सरकवली. येथे जोर करायचा नसतो; खाच जुळली की ती आपण होऊन आत जाते. नवे लॅपटॉप घेतलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आता बहुतेकांत अशी डबी नसून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू पट्टी असते. तिचे प्रकारही दोन, आणि एकाच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. काहींत तर साठवण मूळ पाटीलाच जखडलेली असते आणि ती बदलता येत नाही. तेव्हा खरेदीपूर्वी झाकण उघडून किंवा माहितीपुस्तक पाहून खात्री करावी.

यंत्र वीस सेकंदांत उघडले. काका “वा!” म्हणाले खरे, पण त्यांचे लक्ष वेगाकडे नव्हते.

शब्दांच्या फाइली प्रथम भाच्याच्या यंत्रावर उघडून पाहिल्या, आणि पडद्यावर रोमी अक्षरांचा रेंदा उमटला. काका हबकले. “सगळं गेलं!” काहीही गेले नव्हते. काकांनी टंकलेखन सौंसरलाच शिकलेले, आणि तेथे चाले तो हिंदीचा कृतिदेव फॉन्ट. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला तिच्या हक्काची स्थाने मिळाली. पण कृतिदेवासारखे फॉन्ट ती स्थाने वापरीत नाहीत. ते रोमी अक्षरांच्या स्थानांवर देवनागरीची चित्रे बसवतात. फॉन्ट असेल तर ‘मराठी’ दिसते; नसेल तर त्याच शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमी अक्षरे दिसतात. ऐवज शाबूत, पण किल्ली दुसऱ्या घरात. महानुभावांच्या पोथ्यांचे असेच झाले होते. आमच्यापासून जवळच, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्यांचे मोठे स्थान. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पोथ्या शतकानुशतके सुरक्षित राहिल्या, पण विसाव्या शतकात त्या लिपीची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत पंथाबाहेर त्या कोणाला वाचता येत नव्हत्या.

आम्ही अक्षरशः प्रतिकृती केलेली असल्याने नव्या डबीत कृतिदेवही आला होता, आणि लॅपटॉपवर शब्द पूर्ववत दिसले. सारे नव्याने मांडून नुसत्या फाइली उचलल्या असत्या तर फॉन्ट मागे राहिला असता. परंतु हेही तात्पुरतेच. म्हणून भाच्याने त्या फाइलींची युनिकोडमध्ये रूपांतरित अशी दुसरी प्रत केली. त्यात ऱ्हस्व इकार आणि रफार दगा देतात, कारण जुना फॉन्ट ही चिन्हे दिसतात तेथे ठेवतो आणि युनिकोड उच्चारतात तेथे. ‘किती’चे भलतेच काही झाले की काका हसत आणि पेन्सिलीने खूण करीत. ती तपासणी अद्याप चालू आहे.

ध्वनिमुद्रणे एकेक करून ऐकली. एकेचाळिसांपैकी अडतीस पूर्ण होती. दोन उघडलीच नाहीत. एका ओवीत मध्यावर सुमारे दहा सेकंद नुसती खरखर होती. काका बराच वेळ गप्प बसले. मग शेजारच्या एका वृद्ध बाईंना बोलावणे धाडले; काकूंबरोबर जात्यावर बसणाऱ्यांपैकी त्या एकट्याच आता उरल्या आहेत. त्यांनी ते मुद्रण ऐकले, पदर डोळ्यांना लावला आणि खरखरीच्या जागची ओळ म्हणून दाखवली. काका म्हणाले, “ती असं नव्हती म्हणत.” बाई ठामपणे म्हणाल्या, “गुरुजी, आमी बरोबर दळत होतो. तुमी शाळेत राहत होते.” भाच्याने तो तुकडा जुन्या मुद्रणात जोडू का म्हणून विचारले. काकांनी नकार दिला. बाईंची ओवी त्यांनी स्वतंत्र मुद्रित करून घेतली आणि तिच्या नावापुढे ‘पाठभेद’ असे लिहिले. काकूंच्या ओवीतील खरखर तशीच ठेवली.

त्या दुपारी मला आपल्या देवस्थानांचा इतिहास आठवला. उपमा मोठी आहे, तिचा मान राखूनच ती घेतो. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग झुआरीपलीकडे प्रियोळला नेले गेले. नेणाऱ्यांना देऊळ उचलता येत नव्हते. ज्यावाचून देऊळ पुन्हा उभे राहू शकत नाही तेवढे त्यांनी नेले, आणि वेळ असतानाच नेले. पूजेचा क्रम जाणणारी माणसे सोबत होती, म्हणून नव्या जागी तीच पूजा सुरू झाली. आमच्या या किरकोळ खटपटीलाही हेच तीन नियम लागू पडले. जुने अजून वाचता येत आहे तोवर हलवावे. अक्षरांबरोबर त्यांची किल्लीही हलवावी. आणि ती वाचणारे माणूस आहे तोवर त्याच्यासमोर पडताळून घ्यावे. वस्तू जपायची म्हणजे तिला कुलूप घालायचे, अशी आपली समजूत असते. काकांचे कुलूप तेरा वर्षे शाबूत होते. आत मात्र तबकडी झिजत होती.

नवी डबीही अमर नाही. तिच्या कप्प्यांत किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा आहे. ती विजेवाचून दीर्घकाळ कपाटात पडून राहिली तर कोंडलेला भार हळूहळू ओसरतो. तिच्यावरून एखादी गोष्ट पुसली तर ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. या बाबतीत जुनी चकती अधिक दयाळू होती. म्हणून संग्रहाच्या आता तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपात, एक वेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर सौंसरला, आणि तिसरी पांढुर्ण्याला माझ्या घरी. एका घराला आग लागली किंवा पूर आला तरी दुसरे घर कोरडे असावे, एवढाच त्यामागचा विचार. जुनी, टकटकणारी तबकडी पुसून टाकण्याची घाई केली नाही. ती कापडात गुंडाळून, वर तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे.

दसऱ्याला आपण पाटी-पुस्तकांची, अवजारांची पूजा करतो. यंदापासून काकांच्या घरी त्या पाटावर तिन्ही प्रती मांडायच्या ठरल्या आहेत. पूजेआधी प्रत्येक प्रतीतील दहा फाइली, दर वर्षी वेगळ्या, उघडून मोठ्याने वाचायच्या, एक ओवी ऐकायची, आणि मगच हळदकुंकू वाहायचे. वाचण्याचे काम घरातील लहान मुलांकडे दिले आहे. ती शाळेत हिंदी शिकतात. ‘डवरा’ आणि ‘तिफण’ वाचताना अडखळतील, आणि काका त्यांना अर्थ सांगतील.